आयईएलटीएसमधल्या लिसनिंगचा बँड (गुणांची पातळी) ६ वरून ७ वर न्यायचा आहे. सराव चाचण्यांनी काही हलत नाही

रात्रपाळी, मिरज

नमस्कार. मी गेली ९ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि नर्सिंगचा अभ्यासक्रम इंग्रजीतून. इंग्लंडमध्ये नोंदणी करायची असल्यामुळे नुकतीच आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. वाचन आणि संभाषण या दोन्हींत ७ आणि लेखनात ६.५ मिळाले, पण लिसनिंगला ६ आले. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला लेखनात ६.५ आणि बाकीच्या तिन्ही विभागांत ७ लागतात, त्यामुळे घोडे नेमके तिथेच पेंड खात आहे.

परीक्षेआधी दोन महिने मी जवळजवळ रोज एक सराव चाचणी सोडवत होते. पहिल्या आठवड्यात ४० पैकी २४ उत्तरे बरोबर येत होती आणि शेवटच्या आठवड्यात २५. ज्या क्लासला जात होते तिथे सांगितले की इंग्रजी चित्रपट पाहा, कान आपोआप तयार होईल. तेही केले, पण खाली येणारी अक्षरे वाचूनच मला चित्रपट समजतो, कान जिथल्या तिथे राहतो, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत जास्त चीड येते ती उत्तरपत्रिका तपासताना, कारण चुकलेल्यांपैकी निम्मी उत्तरे पाहून 'हे तर मला येत होते' असेच वाटते. एका चाचणीत खोलीचे भाडे 'फिफ्टी-टू पौंड' असे स्पष्ट ऐकू आले आणि मी २५ लिहिले. 'अकॉमोडेशन' या शब्दात एक एम कमी पडला. लिसनिंगच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागात दोन विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक प्रकल्पाच्या विषयाबद्दल बोलत होते. ज्या विषयाचे नाव आधी ऐकू आले त्यावर मी खूण केली आणि ते तर दोन वाक्यांनंतर त्यांनी रद्द केले होते.

माझ्या हाताशी तीन महिने आहेत आणि पाळ्या सांभाळून दिवसाला तासभर मिळतो. एवढ्या वेळात चाचण्यांशिवाय वेगळे काय करावे? ऑस्ट्रेलियन वगैरे उच्चारांसाठी स्वतंत्र सराव लागतो का?

निवृत्त मास्तर, पुणे

ताई, आपण प्रश्न इतका नेमका मांडला आहे की अर्धे उत्तर त्यातच आले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो आणि निवृत्तीनंतर या परीक्षेला बसणाऱ्यांची तयारी करून घेतो, त्या अनुभवावरून लिहितो.

या विभागात ६ बँडसाठी साधारण २३ आणि ७ बँडसाठी साधारण ३० उत्तरे बरोबर यावी लागतात. म्हणजे आपल्याला फार तर सात उत्तरे आणखी हवी आहेत, आणि आपणच म्हणता की चुकलेल्यांपैकी निम्मी येत होती. चाचणी हा तापमापक आहे. तो दिवसातून दहा वेळा लावला म्हणून ताप उतरत नाही, हे परिचारिकेला मी सांगायला नको. दोन महिने आपण ताप मोजत राहिलात.

माझा उपाय जुनाच आहे. शाळेत गुरुजी श्रुतलेखन घालत असत, तेच करायचे. सोडवून झालेल्या चाचणीतला दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा, एकेक वाक्य थांबवून ऐकावे आणि जे ऐकू आले ते शब्दन् शब्द वहीत उतरवावे. एक वाक्य तीनदा ऐकण्याची मुभा घ्यावी, चौथ्यांदा ऐकू नये. मग पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या संहितेशी ताडून लाल शाईने दुरुस्त्या कराव्यात आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी चुकीचे कारण एका शब्दात लिहावे: आकडा, अनेकवचन, स्पेलिंग, जोडून उच्चारलेला शब्द, मुळात माहीत नसलेला शब्द. दोन मिनिटांच्या तुकड्याला सुरुवातीला पाऊण तास लागतो. कंटाळवाणे काम आहे, पण आठवडाभरात वही स्वतःच सांगू लागते की गळती कुठे आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतले उदाहरण देतो. मूळ वाक्य होते, 'द नर्स शुड हॅव बीन टोल्ड.' तिने लिहिले, 'द नर्स शुड बीन टोल्ड.' तिन्ही वेळा ऐकून तिला 'हॅव' सापडला नाही, कारण बोलणाऱ्याने तो 'शुडव्' असा एका व्यंजनात गुंडाळला होता. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो आणि इंग्रजीही त्याच चालीवर बोलतो. ज्यांची ती मातृभाषा आहे ते मात्र वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर जोर देतात आणि बाकीचे 'ऑफ', 'टू', 'हॅव', 'अँड' असे शब्द जवळजवळ गिळून टाकतात. 'नेक्स्ट डे' मधला ट ऐकू येत नाही आणि 'अ‍ॅन आवर' हे 'अ नावर' असे ऐकू येते. आपण शब्द शोधत बसतो आणि तोवर वाक्य निघून जाते. यावर तोडगा एवढाच, की दुरुस्त्या झाल्यावर तेच वाक्य ध्वनिफितीच्या बरोबरीने, तिच्याच वेगाने आणि तिच्याच चालीवर चार-पाचदा मोठ्याने म्हणावे. जे तोंडाने एकदा गिळले ते कानाला पुन्हा सापडते. शेजारी हसतील, हसू द्यावे.

आता आपल्या २५ बद्दल. ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की तिला योगायोग म्हणवत नाही. मराठीत आपण 'बावन्न' म्हणतो, म्हणजे दोन आधी आणि पन्नास नंतर. इंग्रजीत पन्नास आधी येतात. मनात आकडा मराठीत वळवून मग लिहिणाऱ्याची घाईत उलटापालट होते. त्यामुळे ऐकलेला आकडा मनात न उच्चारता थेट कागदावर अंकांत उतरवायची सवय करावी. रोज पाच मिनिटे घरातल्या कोणाला तरी इंग्रजीतून किमती, तारखा आणि घरक्रमांक भराभर वाचायला सांगावे. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत जोर कुठे आहे ते ऐका असे सगळे सांगतात, पण 'थर्टीन पीपल' असे पुढे नाम आले की तो जोर पहिल्या अक्षराकडे सरकतो आणि ही खूण दगा देते. त्यापेक्षा शेवटचा दीर्घ 'टीन' आणि त्यातला न यांवर कान ठेवावा.

नावांची स्पेलिंगे सांगितली जातात तेव्हाही एक खड्डा आहे. ब्रिटिश माणूस 'आर' हे अक्षर उच्चारताना र म्हणतच नाही, नुसता लांब 'आ' ऐकू येतो आणि आपले विद्यार्थी तिथे ए लिहून मोकळे होतात. 'ए'चा उच्चार 'एय्' असा होतो, हे पक्के लक्षात ठेवले की घोटाळा होत नाही.

यॉर्कशरची पाहुणी, लीड्स

ताई, मीही परिचारिका आहे, मूळची नाशिकची. मास्तरांनी सांगितलेल्या श्रुतलेखनाला माझा दुजोरा आहे. फक्त ते एकटे तिसऱ्या भागाला पुरत नाही असे मला वाटते, म्हणून त्या भागाबद्दल लिहिते.

तिसऱ्या भागात शब्द ऐकू येण्याची अडचण कमी आणि कोण कशाला हो म्हणाले याची अडचण जास्त असते. पर्यायांत दिलेल्या तिन्ही गोष्टींचा उल्लेख संभाषणात होतोच, तसे ते मुद्दाम रचलेले असते. एक विद्यार्थी सुचवतो, दुसरी शंका काढते, प्राध्यापक मधला मार्ग सांगतात आणि शेवटी काहीतरी ठरते. उत्तर त्या ठरण्यात असते. इंग्रज माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, हे इथे येण्याआधी मला माहीत नव्हते. 'डू यू थिंक सो?' हा प्रश्न वाटतो, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मला तसे वाटत नाही' असाच असतो. 'वेल, आय सपोज सो' म्हणजे नाइलाजाने दिलेला होकार. 'दॅट्स ट्रू, बट' ऐकू आले की खरे मत 'बट'च्या पुढे येणार हे धरून चालावे. मी सरावाच्या वेळी प्रश्न बाजूला ठेवून फक्त संभाषण ऐकत असे आणि समासात प्रत्येक सूचनेपुढे बोलणाऱ्याचे आद्याक्षर आणि अधिक किंवा उणे चिन्ह लिहीत असे. दहा-बारा संभाषणे अशी ऐकली तेव्हा रचना उलगडली.

पहिल्या भागातही असेच चकवे असतात, फक्त सोपे. फोन करणारी बाई आधी मंगळवार म्हणते, मग तिला त्या दिवशीची रात्रपाळी आठवते आणि शेवटी गुरुवार ठरतो. ऐकू आलेले पहिले उत्तर लिहावे, पण पेन्सिल खाली ठेवू नये. पुढच्या प्रश्नाचा विषय निघेपर्यंत दुरुस्तीला जागा असते.

उच्चारांबद्दल विचारले आहे. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकेतले असे वेगवेगळे आवाज येतात. त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम लागत नाही, पण एकदाही न ऐकलेला उच्चार परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा ऐकणे महागात पडते. ऑस्ट्रेलियातील एबीसी रेडिओवरचे कार्यक्रम आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे ऐकले तरी 'टुडे' हा शब्द 'टुडाय'कडे झुकतो, हे कानाला कळू लागते. इथे वॉर्डात आल्यावर यॉर्कशरचे आजोबा जे बोलतात ते कुठल्याच परीक्षेत नव्हते, ती गोष्ट निराळी.

दोन गोष्टी नोंदणीच्या दृष्टीने सांगते. कौन्सिल दोन परीक्षांचे गुण एकत्र धरू देते. त्या दोन परीक्षा १२ महिन्यांच्या आतल्या असाव्या लागतात, आणि वाचन, लिसनिंग व संभाषण यांत कोणत्याही परीक्षेत ६.५ च्या खाली आणि लेखनात ६ च्या खाली जाता येत नाही. आपल्याला लिसनिंगला ६ आहेत, त्यामुळे ही परीक्षा त्या हिशेबात धरता येणार नाही; पुढच्या वेळी मात्र ६.५ जरी आले तरी दार पूर्ण बंद होत नाही. अर्ज भरण्याआधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर नियम स्वतः वाचून घ्या.

दुसरे म्हणजे ओईटी. मी तीच दिली होती. आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठी असलेल्या या परीक्षेत लिसनिंगचे ४२ प्रश्न असतात, त्यांतले २४ पहिल्या भागात येतात: रुग्ण आणि तज्ज्ञ यांची दोन संभाषणे ऐकून टिपणातल्या रिकाम्या जागा भरायच्या. लिसनिंगला बी श्रेणी, म्हणजे ५०० पैकी ३५० गुण लागतात. शब्द आपल्या रोजच्या कामातले असतात, हा फायदा खरा आहे. ती सोपी आहे असे मात्र कोणी सांगितले तर ऐकू नका. पहिल्या भागात हात इतका भरभर चालवावा लागतो की आयसीयूतली हँडओव्हर आठवते. आणि ध्वनिफीत तिथेही एकदाच वाजते.

कीबोर्डवाला, खराडी

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर माझ्याकडे भर घालण्यासारखे थोडेच आहे, तेही परीक्षेच्या खोलीतले. संगणकावरच्या परीक्षेत ध्वनिफीत संपल्यावर उत्तरे तपासायला फक्त २ मिनिटे मिळतात. कागदावरच्या परीक्षेत उत्तरे उतरवून घ्यायला १० मिनिटे असतात आणि जुन्या पुस्तकांतला सल्ला त्या हिशेबाने दिलेला असतो. संगणकावर परीक्षा देणाऱ्याने ऐकता ऐकताच थेट टंकलेखन करण्याचा सराव करावा. मी घरी सगळा सराव कागदावर केला होता आणि पहिल्या प्रयत्नात नकाशाच्या प्रश्नाला पडद्यावर कुठे काय टाकायचे हे कळेपर्यंत दोन उत्तरे निघून गेली. दोष कोणाचाच नाही, माझाच.

नकाशाच्या प्रश्नात बोलणे सुरू होण्याआधी 'आपण आता कुठे उभे आहोत' ती जागा शोधून ठेवावी. मग 'जस्ट पास्ट' म्हणजे त्या जागेच्या थोडे पुढे आणि 'ऑपोझिट' म्हणजे समोर, एवढे पक्के असले तरी बरेचसे निभावते.

'दोन शब्दांपेक्षा जास्त नको' असे लिहिलेले असताना तीन शब्द लिहिले तर उत्तर बरोबर असूनही गुण जातो. सगळी उत्तरे मोठ्या लिपीत लिहिली तरी चालतात, आणि ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही स्पेलिंगे ग्राह्य असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडणे हा निव्वळ तोटा आहे.

मास्तरांशी एका बाबतीत माझे थोडे वेगळे मत आहे. चाचण्या अगदीच सोडू नयेत. सलग अर्धा तास हेडफोन लावून लक्ष टिकवणे हीही सवयच आहे आणि ती तुकड्यांच्या सरावाने येत नाही. दहा दिवसांतून एक पूर्ण चाचणी, ध्वनिफीत मध्ये न थांबवता आणि परीक्षेच्याच वेळेला, एवढी ठेवावी असे मी सुचवेन.

रात्रपाळी, मिरज

सर्वांचे मनापासून आभार. लगेच लिहिण्याऐवजी तीन आठवडे श्रुतलेखन करून मगच लिहायचे ठरवले होते.

वहीत आतापर्यंत १४ तुकडे झाले आहेत. लाल शाईच्या नोंदी मोजल्या तर सर्वांत जास्त चुका ज्या जागी निघाल्या तिथे त्या असतील असे मला वाटलेही नव्हते: शब्दाच्या शेवटचा स. 'लॉकर्स' ऐकून मी 'लॉकर' लिहिते, 'गेस्ट्स' ऐकून 'गेस्ट'. वॉर्डात आम्ही 'दोन पेशंट आले', 'चार इंजेक्शन द्यायची आहेत' असेच बोलतो, त्यामुळे तो स मला ऐकू आला तरी महत्त्वाचा वाटत नसावा. आता चाचणीत रिकाम्या जागेच्या आधी 'अ' आहे की नाही आणि पुढचे क्रियापद 'इज' आहे की 'आर' हे आधीच पाहून ठेवते आणि जिथे अनेकवचन येणार तिथे कडेला छोटी खूण करते. ऑस्ट्रेलियन उच्चारांची मला जी भीती होती, त्या कारणाने चुकलेले शब्द अवघे तीन निघाले.

आकड्यांसाठी माझ्या सातवीतल्या मुलाला कामाला लावले आहे. तो किराण्याच्या पावतीवरच्या किमती इंग्रजीतून वाचतो आणि मी लिहिते. माझी चूक निघाली की त्याला होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. स्पेलिंगसाठी वहीची शेवटची दोन पाने राखून ठेवली आहेत. 'अकॉमोडेशन', 'क्वेश्चनेअर', 'वेन्सडे' असे शब्द तिथे आहेत आणि रोज झोपण्याआधी ते न पाहता लिहून काढते. काल पूर्ण चाचणी दिली, २८ आले.

आता अडचण चौथ्या भागाची उरली आहे. व्याख्यान सुरू झाले की पहिली चार-पाच उत्तरे मिळतात, मग एखादे निसटते, ते शोधण्यात पुढचे दोन जातात आणि मग कागदावर आपण कुठे आहोत हेच कळेनासे होते.

निवृत्त मास्तर, पुणे

तीन आठवड्यांत २८, आणि तेही स्वतः मोजून काढलेल्या चुकांवर. आपल्या वहीचा हेवा वाटला. पूर्ण चाचणीबद्दल कीबोर्डवाल्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

पहिल्या तीन भागांत मध्ये एकदा थांबून पुढचे प्रश्न वाचायला वेळ देतात. चौथ्या भागात तो थांबा नसतो आणि दहाही प्रश्नांचे व्याख्यान सलग चालते. मात्र रिकाम्या जागांचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एकच असतो. म्हणून सुरुवातीला वाचायला मिळणाऱ्या वेळात दहा जागा सारख्याच बारकाईने वाचू नयेत. टिपणातली उपशीर्षके आधी पाहावीत, कारण व्याख्याता त्याच टप्प्यांनी जाणार असतो. 'नाऊ लेट्स टर्न टू', 'अनदर प्रॉब्लेम इज', 'सो व्हॉट अबाउट' असे काही ऐकू आले की तो पुढच्या उपशीर्षकावर गेला, हे समजून नजरही तिथे न्यावी. मागे काय राहिले असेल ते राहिले. निसटलेले उत्तर एक गुण नेते आणि ते शोधत बसणे तीन नेते.

याचा सराव असा करावा: चौथ्या भागाची ध्वनिफीत लावून उत्तरे अजिबात लिहू नयेत. फक्त बोट टिपणावरून फिरवावे आणि व्याख्याता जिथे असेल तिथे ते ठेवावे. दोन जागांच्या मधला एखादा शब्द, जो टिपणात छापलेलाच आहे पण व्याख्यानात दुसऱ्या शब्दांनी येतो, तो ओळखता आला की बोट पुढे सरकते. टिपणात 'फ्री ऑफ चार्ज' असेल आणि बोलणारा 'यू वोन्ट हॅव टू पे' म्हणेल, अशी ती ओळख. असे चार-पाच व्याख्यानांवर करून झाले की मग लेखणी हातात घ्यावी आणि दर तिसऱ्या जागेचे उत्तर मुद्दाम सोडून पुढे जाण्याचा सराव करावा. मुद्दाम सोडणे पहिल्या दिवशी फार जड जाते, असे माझे सगळेच विद्यार्थी सांगतात. पुढच्या चाचणीत चौथ्या भागातल्या किती जागा निसटल्या आणि त्यांतल्या किती एकापाठोपाठच्या होत्या, तेवढे मात्र वेगळे मोजून इथे लिहा.